विजेच्या बोटीला अश्वशक्ती किती?

वैकोम हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते १९२४-२५ सालच्या सत्याग्रहामुळे. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांना मिळावा म्हणून झालेल्या त्या लढ्याशी प्रस्तुत लेखाचा संबंध नाही; संबंध आहे तो त्याच गावच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या एका बोटीशी. केरळ राज्य जलवाहतूक खात्याची ‘आदित्य’ ही पंचाहत्तर आसनांची प्रवासी बोट जानेवारी २०१७ मध्ये वैकोम व तवणक्कडवू यांच्यामधील वेंबनाड सरोवराच्या पट्ट्यात सुरू झाली. सौरऊर्जेवर चालणारी ती देशातील पहिली प्रवासी फेरीबोट. तिचे कौतुक पुष्कळ झाले. २०२० साली तिला विजेच्या बोटींसाठीचा गुस्ताव ट्रुव्हे पुरस्कारही मिळाला. ट्रुव्हे हा पॅरिसचा यंत्रज्ञ, ज्याने १८८१ साली सीन नदीवर विजेची बोट चालवून दाखविली होती.

परंतु कौतुकाच्या या गदारोळात ‘आदित्य’चा एक आकडा दुर्लक्षितच राहिला, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तोच सर्वांत बोलका वाटावा. ही बोट वीस मीटर लांब व सात मीटर रुंद आहे. तिच्या दोन नळकांडीवजा तळांत वीस-वीस किलोवॉटची एकेक मोटर आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट हा शालेय पुस्तकातील हिशेब घेतला, तर दोन्ही मिळून सुमारे ५४ अश्वशक्ती होते. मालवण वा अलिबागच्या एखाद्या अनुभवी तांडेलाला पंचाहत्तर उतारूंच्या बोटीसाठी एवढीच शक्ती पुरते असे सांगितले, तर तो हसल्यावाचून राहणार नाही. आणि गंमत अशी की, नेहमीच्या फेरीत या चाळीस किलोवॉटचाही पुरता उपयोग होत नाही. ताशी साडेपाच नॉट, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, या नेहमीच्या वेगाला तिला साधारण सोळा किलोवॉट पुरतात. उरलेली शक्ती राखीव असते. ती सर्व लावली तर बोट साडेसात नॉटपर्यंत जाते.

साडेपाचला सोळा आणि साडेसातला चाळीस. वेग एकतृतीयांशाहून थोडा अधिक वाढला आणि शक्ती मात्र अडीचपट लागली. या दोन आकड्यांमध्येच विजेच्या बोटींचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर उद्या ज्या योजना येतील त्यांचे यशापयशही बहुतांशी ते समजण्यावर वा न समजण्यावर अवलंबून राहील.

शेवटच्या नॉटची किंमत

सायकल चालविणाऱ्याला वाऱ्याचा विरोध ठाऊक असतो. पाणी हे हवेहून सुमारे आठशेपट दाट. तेथे हा विरोध किती निष्ठुर असेल याची कल्पना यावी. पाण्यातून जाणाऱ्या बोटीला होणारा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साडेसातला साडेपाचने भागून त्याचा घन काढा. उत्तर अडीचच्या किंचित वर येते. सोळाला त्याने गुणले की चाळीस. ‘आदित्य’च्या बाबतीत नियम आणि अनुभव असे तंतोतंत जुळतात.

याचा अर्थ प्रवाशाच्या भाषेत सांगावयाचा तर असा. फेरीचे अंतर तीन किलोमीटर धरू. साडेपाच नॉटने ते कापावयास सुमारे अठरा मिनिटे लागतील आणि पावणेपाच युनिट वीज खर्ची पडेल. साडेसात नॉटने गेल्यास तेरा मिनिटे लागतील आणि खर्च साडेआठ युनिटांच्या वर जाईल. पाच मिनिटांच्या बचतीसाठी वीज जवळजवळ दुप्पट. बोटीतील बॅटरीचा साठा पन्नास युनिटांचा आहे. त्यातील चाळीस वापरावयाचे ठरविले, तर एका वेगाने पंचवीस किलोमीटर अंतर कापले जाते, दुसऱ्या वेगाने जेमतेम चौदा. सीमान्त खर्चाचा सिद्धान्त वर्गात शिकविताना आम्ही गव्हाची पोती आणि कापडाचे ठाण यांची उदाहरणे देत आलो. यापुढे हे उदाहरण द्यावे, इतके ते स्वच्छ आहे. पहिले चार नॉट जवळजवळ फुकट मिळतात. शेवटचा नॉट कंबरडे मोडतो.

आणि यालाही एक कडेलोट आहे. बोट चालू लागली की तिच्या पुढच्या टोकाशी एक लाट उठते आणि वेगाबरोबर ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्याला टेकलेल्या लांबीएवढी झाली की, बोट आपणच निर्माण केलेल्या खळग्यात अडकते व पुढच्या उंचवट्यावर चढण्याची धडपड करू लागते. नौकाशास्त्रात याचा एक सोपा आडाखा आहे : पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. पंचवीस फुटांच्या साध्या खाडीतल्या होडीचे वर्गमूळ पाच. म्हणजे तिची मर्यादा ६.७ नॉट. या मर्यादेजवळ गेल्यावर घनाचा नियमही सौम्य वाटू लागतो. इंजीन दुप्पट केले तरी वेग अर्ध्या नॉटने वाढत नाही, फक्त मागचा फेस वाढतो. सपाट तळाच्या हलक्या, पाण्यावरून घसरत जाणाऱ्या बोटींची गोष्ट वेगळी. आणि ‘आदित्य’सारख्या दोन सडपातळ तळांच्या बोटींना ही लाट कमी जाचते, म्हणून तर तिची रचना तशी केली. पण माणसे, पाट्या, दुचाक्या आणि मासळीची टोपली वाहणारी आपली नेहमीची होडी या नियमाला बांधलेलीच आहे.

डिझेलने झाकलेली चूक

येथे कोणीही विचारील की, हे सारे जर इतके उघड आहे, तर गेली पन्नास-साठ वर्षे आपल्या किनाऱ्यावर अधिकाधिक अश्वशक्तीची इंजिने का बसविली गेली? मासेमार वा तरवाले अडाणी होते म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे असलेल्या किमतींना त्यांनी दिलेला तो शहाणपणाचाच प्रतिसाद होता.

डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते. बोटीचे लहान इंजीन त्यातील सात जाळून-धुरावून टाकते आणि तीन आसापर्यंत पोचविते असे धरू. हे तीन युनिट बॅटरीत साठवावयाचे असतील तर? ‘आदित्य’च्या पन्नास युनिटांच्या बॅटरीचे वजन सातशे किलो आहे, म्हणजे युनिटामागे चौदा किलो. तीन युनिटांना बेचाळीस किलो. एका बाजूला किलोभराहून कमी वजनाचे एक लिटर डिझेल, दुसऱ्या बाजूला बेचाळीस किलोंची बॅटरी. एवढ्या तफावतीमुळे डिझेलच्या राज्यात कोणतीही चूक खपून जात असे. पंखा लहान असला, इंजीन तिप्पट मोठे असले, तळाला शेवाळ व कालवे चिकटलेली असली, तरी आणखी एक कॅन तेल भरले की काम भागे. त्यातच महाराष्ट्रात मच्छिमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळत आलेला आहे. तो मिळू नये असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. समुद्रावर जाणाऱ्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे. परंतु इंधन स्वस्त करणारी कोणतीही सवलत ही इंधन वाया घालविणाऱ्या यंत्रालाही तेवढीच स्वस्त करते, हे अर्थशास्त्रातले अप्रिय सत्य नाकारता येत नाही.

हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते असेही नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बंगालच्या उपसागराविषयीचा प्रकल्प मद्रासहून चाले. त्याने १९८६ साली छोट्या मासेमारी नौकांचा इंधनखर्च कसा कमी करावा यावर एक पुस्तिका काढली. वेग किंचित कमी करा, इंजिनाचे फेरे गिअरने उतरवा, पंखा मोठा बसवा, तळ स्वच्छ ठेवा, असा तिचा आशय होता. सल्ला चोख होता. परंतु तेलाच्या किमतीने तो ऐकण्याची सक्ती केली नाही, आणि सक्ती नसलेला सल्ला आपल्याकडे कपाटात जातो.

बॅटरी ती सक्ती करते. तिच्यापुढे चूक झाकता येत नाही. विजेची बोट अर्ध्या खाडीत थांबली की सर्वजण म्हणतात, बॅटरी कुचकामी. वस्तुतः पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते आणि दोष पंख्याचा असतो.

पंखा आणि मोटर

पंखा, ज्याला ग्रंथांत प्रोपेलर म्हणतात, हा या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग होय. तो पाणी मागे ढकलतो म्हणून बोट पुढे जाते, हे खरेच. पण तेवढाच रेटा दोन प्रकारे मिळू शकतो : थोडे पाणी जोराने मागे फेकून, किंवा पुष्कळ पाणी हलकेच मागे सारून. पहिल्या प्रकारात मागे फेकलेल्या पाण्याबरोबर पुष्कळ ऊर्जाही वाहून जाते. दुसऱ्यात कमी जाते. ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी १८६५ सालीच याचे गणित मांडले आणि ते आजही बदललेले नाही.

एक उदाहरण घेऊ. पंचवीस फुटांची, माणसांसह तीनेक टनांची खाडीतील होडी आहे. तिला पाच नॉटने न्यावयाचे आहे आणि त्या वेगाला तिला सुमारे आठशे न्यूटन, म्हणजे ऐंशी किलो वजनाएवढा रेटा लागतो असे धरू. प्रत्यक्ष उपयोगी पडणारी शक्ती झाली दोन किलोवॉट. आता वीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा लावला, तर रँकिनच्या गणिताप्रमाणे आदर्श स्थितीतही त्याची कार्यक्षमता एकावन्न टक्क्यांवर जात नाही. म्हणजे आसावर किमान चार किलोवॉट हवेत. व्यास चाळीस सेंटिमीटर केला, तर ती मर्यादा चौऱ्याहत्तर टक्क्यांवर जाते आणि पावणेतीन किलोवॉट पुरतात. होडी तीच, माणसे तीच, वेग तोच. फरक फक्त पंख्याच्या व्यासाचा. पात्यांचे घर्षण आणि पाण्याला बसणारा पीळ यांमुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून खालीच राहतात, पण त्यांतील अंतर मिटत नाही. मोठ्या पंख्यालासुद्धा व्यवहारात पंचावन्न टक्के मिळाले, तर आसावर पावणेचार किलोवॉट लागतील. हे झाले पाच अश्वशक्ती. ज्या होडीवर सहज पंधरा-वीस अश्वशक्तीचे इंजीन बसविले जाते, तिची शांत पाण्यातली खरी गरज ही आहे.

मग सगळेजण मोठे पंखे का लावीत नाहीत? कारण मोठा पंखा हळू फिरवावा लागतो आणि हळू फिरणाऱ्या आसाला पिळण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो अधिक लागतो. पाच अश्वशक्तीच तीन हजार फेऱ्यांनी द्यावयाची असेल तर बारा न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. आठशे फेऱ्यांनी द्यावयाची तर पंचेचाळीसच्या आसपास. आणि मोटरीचा आकार, तिच्यातील तांबे, लोखंड, चुंबक, म्हणजेच तिची किंमत ही अश्वशक्तीपेक्षा टॉर्कच्या मागे जाते. म्हणून बाजारात जी मोटर स्वस्त दिसते, ती लहान व भरधाव फिरणारी असते. तिला थेट पंखा जोडला, तर तो लहान आणि उथळ पिचचा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. पिच म्हणजे, पाणी लाकडासारखे घट्ट असते तर स्क्रूप्रमाणे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. वरील होडीच्या चाळीस सेंटिमीटरच्या पंख्याला आठशे फेऱ्यांवर साधारण तीस सेंटिमीटरचा पिच योग्य ठरेल. पाणी घट्ट नसल्याने पंखा त्यातील तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक अंतर घसरतो आणि होडीला पाच नॉट मिळतात. तोच वेग तीन हजार फेऱ्यांवर काढावयाचा, तर पिच आठ सेंटिमीटरच्या घरात येईल. तो पंखा पाणी रेटण्यापेक्षा खरवडतच अधिक राहील.

तात्पर्य एवढेच की, योग्य क्रम उलटा आहे. आधी होडीचा तळ व लांबी, त्यावरून परवडणारा वेग, वेगावरून रेटा, रेट्यावरून बसेल तेवढा मोठा पंखा, पंख्यावरून फेरे व टॉर्क, आणि मग मोटर. फेरे जुळत नसतील तर मध्ये गिअर वा पट्टा. सर्वांत शेवटी बॅटरी, फेरीच्या लांबीवरून. आपल्याकडे मात्र पहिलाच प्रश्न येतो : किती एच. पी.?

विक्रेत्यांच्या एका दाव्याविषयीही येथेच बोलून टाकू. विजेची एक अश्वशक्ती ही डिझेलच्या तीन अश्वशक्तींबरोबर असते, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य होय. अश्वशक्ती ही अश्वशक्तीच. तिला जात नसते. खरे एवढेच की, विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे ती मोठा पंखा सहज उचलते. आणि डिझेल इंजिनावरील पाटी ही त्याच्या कमाल फेऱ्यांवरची असते, जेथे ते क्वचितच चालविले जाते. उलट बाजूने पाहिले तर मोटरीच्या पाटीतही फसगत आहे. मिनिटभर देता येणारी शक्ती आणि तासन्‌तास देता येणारी शक्ती यांत मोठे अंतर असू शकते, आणि जाहिरातीत सहसा पहिली छापली जाते. बोटीला चढ-उतार नसतात, सिग्नल नसतात. ती धक्क्यापासून धक्क्यापर्यंत एकसारखी ओढत असते. तिच्या कामाची शक्ती निरंतरची.

अनुदान कशावर द्यावे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. केंद्र सरकारने अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी जानेवारी २०२४ मध्ये ‘हरित नौका’ या नावाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कोचीत एप्रिल २०२३ पासून जलमेट्रो धावते. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या तिच्या शंभर प्रवाशांच्या बोटी बॅटरीवर आठ नॉटने जातात. आज ना उद्या महाराष्ट्रातही खाडीतल्या फेऱ्या आणि लहान मासेमार होड्या विजेवर आणण्यासाठी सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणावर खर्च होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तो पैसा कोणत्या मापाने वाटला जाईल, हा खरा प्रश्न आहे.

शेतीपंपांचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीप्रमाणे वीजआकारणी होऊ लागली तेव्हा पंपावरच्या पाटीतली अश्वशक्ती आक्रसली आणि आतली मोटर मात्र तशीच राहिली. बोटींना अश्वशक्तीप्रमाणे अनुदान दिले तर नेमके उलट घडेल : पाटीतली अश्वशक्ती फुगेल. पाच अश्वशक्तीच्या होडीवर वीसची मोटर बसेल, कारण तेवढे अनुदान अधिक. ती मोटर भरधाव जातीची असेल, कारण निविदा सर्वांत कमी दराची मंजूर होते. पंखा लहान असेल, कारण पंख्याविषयी निविदेत अक्षरही नसेल. मग होडी पहिल्या आठवड्यात सर्वांसमोर जोरात पळेल, छायाचित्रे निघतील. आणि तिसऱ्या महिन्यात दुपारीच बॅटरी संपू लागल्यावर ती किनाऱ्यावर ओढून ठेवली जाईल. कर्जाचे हप्ते मात्र होडीवाल्याच्या नावावर चालूच राहतील. ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न नाही त्याला हा प्रयोग झेपणारा नाही, आणि एकदा गावात अशी एक होडी पडून राहिली की पुढची दहा वर्षे त्या गावात विजेचे नाव काढता येणार नाही.

याला उपाय अवघड नाही. निविदेत वा अनुदानाच्या अटीत अश्वशक्ती लिहूच नये. लिहावे ते एवढे : पूर्ण भाराने, शांत पाण्यात, अमुक वेगाने जाताना दर किलोमीटरला अमुक युनिटांहून अधिक वीज लागता कामा नये, आणि उधाणाच्या ओहोटीतही बोट परत फिरविता येईल एवढा वेग तिच्यापाशी राखीव असावा. मोटर किती आणि पंखा केवढा, हे बांधणाऱ्याने ठरवावे. पैसे मात्र चाचणीनंतर द्यावेत. उतारूंच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून मोजलेल्या अंतरावर बोट जाता-येता दोन्ही दिशांना पळवावयाची, म्हणजे प्रवाहाचा व वाऱ्याचा परिणाम वजा जातो. आणि वीज किती गेली ते मीटरवर वाचावयाचे. ‘आदित्य’चा आकडा या मापाने किलोमीटरला सुमारे १.६ युनिट येतो. पंचाहत्तर उतारूंत वाटला तर तो इतका लहान होतो की तिकीटखिडकीवरच्या कारकुनालाही त्याचे हसू यावे.

राखीव शक्तीचा आक्षेप मात्र गंभीर आहे व तो उडवून लावता येणार नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ दोन-तीन नॉटांची असली, तर पाच नॉटच्या होडीचा निम्मा वेग तीच खाऊन टाकते. वारा समोरून सुटला तर आणखी घट. तांडेल मोठे इंजीन मागतो तो केवळ मिरविण्यासाठी नव्हे. त्याने अशा संध्याकाळी पाहिलेल्या असतात. एका जुन्याजाणत्या तांडेलाने मला ऐकविले होते की, “मास्तर, तुमचं गणित शांत पाण्याचं, आमची बायकामुलं वादळाच्या पाण्याची वाट बघतात.” या बोलण्याला उत्तर अश्वशक्तीच्या पाटीने मिळत नाही, तसेच ते नाकारूनही मिळत नाही. ‘आदित्य’ची राखीव शक्ती नेहमीच्या वापराच्या दीडपट आहे, आणि तेवढ्याने तिचा वेग दोनच नॉटांनी वाढतो. ही राखीव किती ठेवावी, हे प्रत्येक खाडीच्या ओढीवरून ठरले पाहिजे. बाणकोटला जे पुरेल ते दाभोळला पुरेलच असे नाही. आणि मुंबई ते मांडवा या खुल्या पाण्यातल्या लांब मार्गाचा हिशेब तर सर्वस्वी निराळा.

छोट्या, ठरावीक, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या हेच विजेचे खरे घर आहे. नॉर्वेत ‘अँपिअर’ ही मोटारी वाहणारी विजेची फेरीबोट २०१५ साली सुरू झाली, ती जेमतेम सहा किलोमीटरच्या खाडीवर. तिथल्या लहान गावांतील वीजजाळ्याला बोटीच्या चार्जिंगचा एकदम पडणारा भार सोसवत नव्हता; म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसवून त्या दिवसभर हळूहळू भरत ठेवल्या. वेसवी-बागमांडले किंवा जयगड-तवसाळ येथील वीजपुरवठ्याची ज्यांना ओळख आहे, त्यांना या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

मोजमापाची एक जुनी व स्वस्त रीतही आपल्या हाती आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७१ साली ‘ग्रेहाउंड’ नावाचे संबंध लढाऊ जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून, दोरावर येणारा ताण मोजून पाण्याचा विरोध काढला होता. होडीच्या बाबतीत तेवढ्या लवाजम्याची गरज नाही. एक होडी, तिला ओढणारी दुसरी, मध्ये लांब दोर आणि दोराला ताणकाटा. तीन, चार, पाच, सहा नॉटवरचे आकडे वहीत उतरले की त्या जातीच्या होडीचा सारा स्वभाव कागदावर आला. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे, किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत तंत्रनिकेतने आहेत. कोकणात चालणाऱ्या होड्यांच्या पाच-सहा प्रमुख जातींचे असे तक्ते एका हिवाळ्याच्या सुटीत विद्यार्थी तयार करू शकतील. त्या तक्त्यांची प्रत प्रत्येक मच्छिमार सोसायटीच्या भिंतीवर लागली, तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकाशी ती ताडून पाहणे कोणालाही जमेल.

एक अडचण तरीही उरतेच, आणि ती गणिताची नसून गाळाची आहे. मोठ्या पंख्याला खोल पाणी लागते. आपल्या बहुतेक खाड्या भरत चालल्या आहेत. ओहोटीला धक्क्यालगत गुडघाभर चिखल दिसतो, आणि तेथे चाळीस सेंटिमीटरचा पंखा पात्यांसकट रुतून बसेल. अशा ठिकाणी एका मोठ्याऐवजी अठ्ठावीस सेंटिमीटरचे दोन पंखे लावले, तर पाण्याला भिडणारे एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. पण मोटरी दोन, आस दोन, देखभाल दुप्पट. दुसरा मार्ग धक्क्यापाशी गाळ काढण्याचा. तो खर्च बोटीच्या किमतीत दिसणार नाही, बंदराच्या अंदाजपत्रकात दिसेल. एका बाजूला दरवर्षी उपसावयाचा गाळ, दुसऱ्या बाजूला दररोज वाया जाणारे युनिट; यांतले कोणते स्वस्त, हे ठरविण्यासाठी आधी ती दोन अंदाजपत्रके एका टेबलावर यावी लागतील.